पोस्टरवर कोण आणि गोष्ट कोणाची?

मागच्या अंकात 'द गुड लाय' या २०१४ च्या सिनेमाबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, "पोस्टर वाईट, सिनेमा बरा, जमलं तर बघा" एवढंच. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की म्हटलं या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकू.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सुदानमधलं यादवी युद्ध १९८३ ला पेटलं ते २००५ पर्यंत चाललं. गावंच्या गावं जाळली, आईबाप मारले गेले, आणि वीसेक हजार पोरं पायी पायी इथिओपियाला गेली, १९९१ ला तिथलं सरकार कोसळलं तशी तिथूनही हाकलली गेली, आणि जी वाचली ती १९९२ च्या सुमारास केनियातल्या काकुमा कॅम्पात पोचली. 'लॉस्ट बॉईज' म्हणतात ते हेच. २००० नंतर त्यातल्या साडेतीन-चार हजार जणांना अमेरिकेने घेतलं. सिनेमातले मामेर, जेरेमाया आणि पॉल हे त्यातलेच तिघं, कॅन्सस सिटीत येतात आणि त्यांना नोकऱ्या लावून द्यायचं काम कॅरी नावाच्या बाईकडे असतं, ती म्हणजे रीझ विदरस्पून. दिग्दर्शक फिलिप फालार्दो, कॅनडातला, क्यूबेकचा. पुढे शेवटही फोडलाय, तेव्हा आधी बघायचा असेल तर इथेच थांबा.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत गच्चीवर प्रोजेक्टर लावून हा सिनेमा बघितला. सगळे रडले, आमचे हे सुद्धा. दुसऱ्या दिवशी मुलीने नेटवरचे रिव्ह्यू वाचून दाखवले, त्यात म्हणे हा 'व्हाइट सेव्हियर' सिनेमा आहे, गोऱ्या बाईने काळ्या लोकांना वाचवलं टाइपचा. मग आम्ही रडलो ते काय उगाच का? (एक वाचक, इंदिरानगर)

अहो, उगाच कशाला! रडू आलं तर रडायचं, त्यासाठी समीक्षकाची परवानगी लागत नाही.

पण मुलगी जे वाचून दाखवत होती ते पण हवेतलं नाहीये. हॉलिवूडची ही जुनी खोड आहे, गोष्ट आफ्रिकेतल्या माणसाची, नाहीतर झोपडपट्टीतल्या पोराची, आणि कॅमेरा मात्र सगळा वेळ त्याला मदत करणाऱ्या गोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर, त्याला कसा पाझर फुटला, त्याचं आयुष्य कसं बदललं वगैरे. या सिनेमाच्या बाबतीत तर जाहिरातवाल्यांनी स्वतःहूनच खड्डा खणून ठेवला होता. ट्रेलरमध्ये "द ब्लाइंड साइडच्या निर्मात्यांकडून" असं अभिमानाने सांगितलं, आणि तो तर गोऱ्या कुटुंबाने गरीब काळ्या पोराला घरात घेतल्याचा सिनेमा, त्यावर आधीच हीच टीका झालेली. (त्या सिनेमातल्या खऱ्या फुटबॉलपटूने, मायकल ओहरने, २०२३ मध्ये कोर्टात जाऊन त्या कुटुंबावर फसवणुकीचा आरोप केला, ते वेगळंच रामायण.) आणि पोस्टर बघा, वर रीझ विदरस्पूनचा भलामोठा चेहरा आणि खाली ज्यांची गोष्ट आहे ते लोक इतके इतकेसे. पोस्टर बघून कोणी म्हणालं की ही बाईच हिरो आहे तर त्याला काय बोलणार?

गंमत म्हणजे सिनेमात ही बाई पहिला अर्धा तास उगवतच नाही. तो अर्धा तास फक्त त्या पोरांचा आहे, आणि माझ्या मते सिनेमातला सगळ्यात चांगला भाग तोच. गावावर हल्ला होतो, पोरं पळतात, चालतात, नुसती चालतात. थोरला भाऊ थिओ मग सगळ्यांचा बाप होतो. एके ठिकाणी मुक्काम केलेला असतो, मामेर गवतातून नको तेव्हा उठून उभा राहतो आणि सैनिकांना दिसतो, आणि थिओ पुढे होऊन सांगतो की मी एकटाच आहे. त्याला घेऊन जातात. सीन दोन मिनिटांचा असेल नसेल, म्युझिकचा धबधबा नाही, रडारड नाही, आणि पुढचा पूर्ण सिनेमा मामेरच्या डोक्यात तेवढं एकच असतं, मी उभा राहिलो म्हणून.

समीक्षकांचं म्हणाल तर बहुतेकांनी चांगलंच लिहिलं होतं बरं का. आणि चांगलं लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे कास्टिंग. जेरेमाया झालेला गेर दुआनी आणि पॉल झालेला इमॅन्युएल जल, दोघंही लहानपणी हातात बंदूक दिलेले, म्हणजे खरोखरचे बालसैनिक. जल पुढे रॅपर झाला. मामेरच्या बहिणीचं, अबितालचं काम करणारी कुओथ विएल इथिओपियातल्या निर्वासित कॅम्पातच जन्मलेली. मामेर झालेला अर्नोल्ड ओसेंग तेवढा लंडनमध्ये वाढलेला नट. तर पडद्यावर हे लोक नुसते उभे असतात ना, तेव्हाही काहीतरी जाणवतं, आणि ते कुठल्या ॲक्टिंग स्कूलमध्ये शिकवून येणारं नाही.

विरोधात लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की सगळं जरा गुळगुळीत आहे, अमेरिकेत आल्यावर दुःख पण टापटीप होतं, वर्णद्वेष जवळपास दिसतच नाही, पॉल थोडा बिघडतो आणि लगेच सुधारतो. हे मला पटतं. कॅन्सस सिटीतली माणसं जरा जास्तच चांगली दाखवलीयत. पण माझी स्वतःची सगळ्यात मोठी तक्रार अबितालबद्दल आहे. विमानतळावर तिला वेगळं काढतात आणि बॉस्टनला धाडतात, कारण तीन तरुणांबरोबर एका मुलीला ठेवायला कोणी तयार नाही. भयंकर प्रसंग आहे, चारजण इतकं चालून आले आणि एका कागदावर वेगळे झाले. आणि मग सिनेमा काय करतो, तिला विसरतो! मध्ये बराच वेळ ती बॉस्टनला काय करतीये, कोणाकडे राहतीये, काहीच नाही. खऱ्या इतिहासातही असंच झालं होतं, अमेरिकेला गेलेल्या त्या हजारोंमध्ये मुली शंभरसुद्धा नव्हत्या, कारण कॅम्पात मुलींना कुठल्या ना कुठल्या कुटुंबात देऊन टाकलेलं, म्हणजे कागदोपत्री त्या अनाथ नाहीत, म्हणजे यादीत नाव नाही, आणि त्या घरात त्या बऱ्याचदा फुकटच्या मोलकरणी. सिनेमाला हे माहीत असणार म्हणूनच तो प्रसंग घेतला, पण मग तिथेच पाठ फिरवली. 'व्हाइट सेव्हियर' म्हणून ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही मुलगी आठवली, हे पण सांगते.

आता कॅरी खरंच तारणहार आहे का? मी एक साधं करून बघते, मोठे निर्णय कोण घेतं ते बघते. कॅरी फोन करते, ऑफिसांत भांडते, अबितालला कॅन्सस सिटीला आणवते, धावपळ भरपूर. पण जेरेमाया नोकरी सोडतो तो स्वतःच्या हिशोबाने, मामेर भावाला शोधायला परत जातो तो स्वतःच्या हिशोबाने, आणि शेवटी नैरोबीच्या विमानतळावर स्वतःचा पासपोर्ट थिओच्या हातात देऊन "तू मामेर म्हणून जा" म्हणतो आणि स्वतः कॅम्पात राहतो, तेव्हा कॅरी हजारो मैल लांब असते, तिला विचारलेलं पण नसतं. म्हणून मी म्हटलं की पोस्टर वाईट. आणि एवढं करून धंदा झाला का, तर तोही नाही, अमेरिकेत तीस लाख डॉलर पण जमले नाहीत. म्हणजे बाईचा चेहरा वापरून शिव्या तेवढ्या खाल्ल्या.

प्रश्न : मॅम, मी मास कॉमला आहे, आम्हाला या सिनेमाचं परीक्षण लिहायला दिलंय. सगळेच व्हाइट सेव्हियरवर लिहितायत. दुसरा काही अँगल सुचवाल का? (एक विद्यार्थी, गंगापूर रोड)

सुचवते की! आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे, पण तो सिनेमाच्या बाहेर घडला म्हणून परीक्षणांत आला नाही.

२०१५ मध्ये, म्हणजे सिनेमा येऊन गेल्यावर, अटलांटा भागात राहणाऱ्या ५४ सुदानी निर्वासितांनी निर्मात्यांवर आणि पटकथालेखिकेवर खटला टाकला. त्यांचं म्हणणं असं की पटकथा लिहायची होती तेव्हा आम्ही तासन् तास बसून आमच्यावर काय काय गुजरलं ते सांगितलं, जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं, पटकथेत ते आलं, आणि आमच्या संस्थेला मदत मिळेल असं जे बोलणं झालं होतं ते पाळलं नाही. म्हणून पटकथेत आमचा पण वाटा धरा. निर्मात्यांनी आरोप नाकारले. पण तू कोणाची बाजू घेतोस हा भाग सोड, प्रश्न बघ ना काय भारी आहे. ज्याने भोगलं आणि सांगितलं तो 'लेखक' होतो का? की जो लिहून काढतो तोच?

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेव. याच लॉस्ट बॉईजपैकी व्हॅलेंटिनो अचक डेंग म्हणून एकजण आहे, त्याच्या आयुष्यावर डेव्ह एगर्सने २००६ मध्ये कादंबरी लिहिली, चांगली गाजली, आणि तिचे पैसे डेंगच्या फाउंडेशनला गेले, त्यातून त्याच्या गावात, मारियल बाईला, शाळा उभी राहिली. म्हणजे मनात असेल तर करता येतं.

म्हणून परीक्षण लिहिताना पोस्टरवर कोणाचं तोंड मोठं आहे यावर एक परिच्छेद लिही आणि सोडून दे, ते सगळ्यांना दिसलंय. कथा कोणाकडून आली, त्यांची नावं कुठे आली, पैशाचं काय ठरलं, हे लिही. कुठलाही 'सत्यघटनेवर आधारित' सिनेमा घे आणि हे तीन प्रश्न विचार, बघ कशी धमाल येते. आणि प्लीज, निर्वासितांची 'व्यथा' 'विदारक वास्तव' 'अंतर्मुख करणारा' हे शब्द वापरू नकोस, वाचून वाचून कंटाळा आलाय.

प्रश्न : स्पष्ट विचारतो, राग मानू नका. अमेरिकेत फुकट विमानाने नेलं, घर दिलं, नोकरी दिली, मग एवढं दुःख कशाचं? माझा मुलगा कॅनडात स्वतःच्या जिवावर गेलाय, लोन काढून. सुरुवातीला गोदामात रात्रपाळी केली. त्याच्यावर नाही कोणी सिनेमा काढत. (एक वाचक, सातपूर)

काका, राग कसला. मुलाचं कौतुकच आहे, उणे वीसमध्ये रात्रपाळी काही खायचं काम नाही.

पण 'फुकट' हे तेवढं बरोबर नाही. अमेरिकेत नेलेल्या निर्वासितांना विमानाचं तिकीट कर्जाऊ असतं. निघायच्या आधी कागदावर सही घेतात आणि तिथे पोचल्यावर हप्ते सुरू. सुरुवातीच्या मदतीचा काळ साधारण ९० दिवसांचा, तेवढ्यात नोकरी धरायची. तुमच्या मुलाने निदान कॅनडा स्वतः निवडला, कॉलेज निवडलं, त्यांना तर कुठल्या शहरात टाकणार ते पण दुसऱ्याने ठरवलेलं. आणि सगळ्यात मोठा फरक, तुमचा मुलगा कंटाळला तर दिवाळीला नाशिकला येतो, आई डबे भरून देते, परत जातो. या लोकांना परत जायला गावच नव्हतं. आणि हेही लक्षात घ्या की जगातल्या निर्वासितांपैकी दर वर्षी १ टक्क्याला पण अशी परदेशात कायमची जागा मिळत नाही, बाकीचे कॅम्पातच. मामेरची मंडळी सिनेमात तेरा वर्षं काकुमात काढतात, रोज बोर्डावर यादी लागते ती बघायला जायचं, आपलं नाव आहे का. बारावीचा रिझल्ट बघायला आपण एक दिवस जातो तर पोटात गोळा येतो.

त्यात ११ सप्टेंबर २००१ झालं आणि अमेरिकेने दार जवळजवळ बंदच केलं, ज्यांची नावं पुढे होती ते अडकले ते अडकलेच. थिओला व्हिसा मिळत नाही तो त्यामुळेच.

एक प्रसंग मात्र तुमच्या मुलाला नक्की कळेल बघा. जेरेमाया सुपरमार्केटमध्ये लागतो. दिवसाच्या शेवटी तारीख उलटलेलं खाणं कचऱ्यात टाकायचं काम. तो टाकत असतो, आणि तिथे एक बेघर बाई येते, तिला तो ते देतो. मॅनेजर बघतो आणि झापतो, हा नियम आहे, द्यायचं नाही, टाकायचं. जेरेमाया वाद घालत नाही, समजून घ्यायचा प्रयत्न करतो, आणि मग एप्रन काढून ठेवतो आणि जातो. ज्याला नोकरीची सगळ्यात जास्त गरज तो माणूस नोकरी सोडतो. इथे 'बिच्चारा निर्वासित' वगैरे काही शिल्लकच राहत नाही, हा माणूस त्या दुकानातल्या सगळ्यांपेक्षा ताठ उभा आहे. ज्या समीक्षकांना सिनेमा गोड-गोड वाटला त्यांनी पण हा सीन बाजूला काढून ठेवला असता तर बरं झालं असतं.

प्रश्न : त्यांना फोन वापरता येत नाही, फार्मवर गेल्यावर इथे सिंह आहेत का विचारतात, कोंबडीने रस्ता का ओलांडला हा जोक कळत नाही... हे त्यांच्या अज्ञानावर हसणं नाही का? थिएटरमध्ये हसायला येतं पण नंतर कसंतरी वाटतं. (एक वाचक, सिडको)

कसंतरी वाटतं ते चांगलंय, वाटू दे. हा मुद्दा खूप समीक्षकांनी काढला आणि दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

मी असं बघते की हसू कोणाच्या अंगावर पडतंय. फोन वाजतो आणि हे बघत बसतात, तो सीन मला पण नाही आवडला, ते आपल्याकडच्या जुन्या सिनेमात गावाकडचा पाहुणा मुंबईत येऊन लिफ्टला घाबरतो तसलं आहे. पण सिंहाचं वेगळं. जो लहानपणी जंगली जनावरांच्या मुलखातून पायी चालत आलाय त्याने मोकळ्या माळावर उतरल्या उतरल्या सिंह आहेत का विचारणं हा शहाणपणा आहे, खुळचटपणा नाही, आपण हसतो आणि मग आपलंच तोंड बंद होतं. कॅरीला ते लाडाने एक नाव ठेवतात, अर्थ काय तर मोठी पांढरी गाय! आता अमेरिकन प्रेक्षक फिस्सकन हसणार. पण डिंका लोकांत, म्हणजे या पोरांच्या जमातीत, गाय म्हणजे सर्वस्व, लग्न गाईंवर ठरतं, पोरांची नावं गाईच्या रंगांवरून असतात, त्यांनी बाईला सर्वात मोठी पदवी दिलीय, आणि आपल्याला गाईबद्दल समजावून सांगायची काही गरजच नाही. इथे नाशिकचा प्रेक्षक अमेरिकनापेक्षा दोन पावलं पुढे आहे.

अजून एक सांगते, या लोकांपैकी बऱ्याच जणांची जन्मतारीख कागदावर १ जानेवारी आहे. आईबाप नाहीत, दाखला नाही, साहेबाने अंदाजे वय धरलं आणि १ जानेवारी टाकली. अमेरिकन वाचकाला हे वाचून केवढं आश्चर्य वाटतं. आपल्याकडे कुठल्याही झेडपीच्या शाळेत शिकलेल्या पन्नाशी-साठीच्या माणसाला विचारा, १ जून! मास्तरांनी शाळेत घालताना टाकून दिली. माझ्या दोन्ही काकांची तीच आहे.

प्रश्न : याच विषयावरचा 'धीपन' पण मी बघितला, श्रीलंकेच्या तमिळ लोकांचा. त्याला कानला सर्वोच्च पुरस्कार मिळाला तरी शेवटावर एवढी टीका का? मला तर शेवट भारी वाटला, फुल ॲक्शन. (एक वाचक, नाशिकरोड)

हाहा, फुल ॲक्शन हीच तर तक्रार आहे!

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, जाक ओदियारचा हा फ्रेंच सिनेमा, पण बोलणं बरंचसं तमिळमध्ये. एक माजी तमिळ वाघ (म्हणजे एलटीटीई या बंडखोर संघटनेचा सैनिक), एक बाई आणि एक अनाथ मुलगी, तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मेलेल्या लोकांच्या पासपोर्टवर नवरा-बायको-मुलगी बनून फ्रान्सला जातात. तो पॅरिसबाहेरच्या एका वस्तीत केअरटेकर होतो, आणि ती वस्ती ड्रगवाल्यांच्या ताब्यात. २०१५ ला 'पाम द'ओर' मिळालं, ज्युरीचे अध्यक्ष कोएन बंधू होते, आणि निकाल ऐकून बरेच पत्रकार चाट पडले कारण त्यांच्या यादीत वेगळेच सिनेमे होते.

टीका दोन प्रकारची. एक, दीड तास इतक्या हळुवारपणे तीन परक्यांचं घर कसं बनतं ते दाखवलं आणि शेवटी हिरो एकटा जिना चढत सगळ्यांना लोळवतो, मग एकदम इंग्लंड, ऊन, हिरवळ, सुखी संसार. दोन, फ्रान्समधल्या काहींचं म्हणणं की आमच्या उपनगरांना तुम्ही थेट श्रीलंकेतलं युद्धातलं जाफनाच करून टाकलं, तिथे राहणारी साधी माणसं कुठे गेली? दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. एका निर्वासिताला माणूस म्हणून उभं करायचं आणि त्यासाठी दुसऱ्या स्थलांतरितांच्या पोरांना नुसते गुंड करून टाकायचं, हे काय झालं?

शेवट आवडला तर आवडू दे, पण मी त्या सिनेमातल्या दुसऱ्याच दोन गोष्टींसाठी तो परत बघेन. एक, पॅरिसच्या रात्रीत अंधारातून निळे लुकलुकते दिवे आपल्याकडे येत राहतात, काय आहे कळत नाही, आणि जवळ आल्यावर दिसतं की हा माणूस डोक्यावर दिव्याचे सशाचे कान लावून ते विकत फिरतोय. आपल्या गोदाघाटावर, जत्रेत अशी पोरं हजार वेळा बघितलीयत, कधी वाटलं का तो कुठून आला असेल? दोन, तो बायकोला, म्हणजे खोट्या बायकोला म्हणतो की या लोकांचे जोक मला शब्द कळतात पण हसू येत नाही, आणि ती म्हणते तुला तमिळमध्ये तरी कुठे विनोदबुद्धी आहे. बास! तिथे ते नवरा-बायको होतात, शेवटच्या मारामारीत नाही.

धीपन झालेला अँटनीदासन जेसुदासन हा खरंच पोरवयात एलटीटीईत होता, मग बाहेर पडला, १९९३ ला फ्रान्सला पोचला, भांडी घासली, दुकानात माल लावला, आणि शोभाशक्ती नावाने तमिळमध्ये लिहितो. म्हणजे बघा, तो नुसता 'साक्षीदार' नाही, स्वतः लेखक आहे. वर त्या विद्यार्थ्याला जे सांगितलं त्याचं हे दुसरं टोक.

प्रश्न : माझी आजी फाळणीनंतर सिंधमधून आली, देवळालीच्या कॅम्पात दिवस काढले. तिच्यासारख्यांवर मराठीत सिनेमा का नाही? की निर्वासित म्हटलं की आफ्रिका-सीरियाच? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

तुमचा प्रश्न वाचून मी जरा गप्पच झाले. मराठी सिनेमात सिंधी माणूस म्हणजे दुकानदार नाहीतर विनोदी घरमालक, यापुढे गाडी गेलीच नाही. उल्हासनगर हे आख्खं शहर लष्कराच्या कल्याण कॅम्पातून उभं राहिलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडचे पाचेक हजार लोक राहून गेले, आपण शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटातून स्वेटर घेतो आणि भाव पाडून घेतो, पण ती बाई कुठून आली हे विचारत नाही. विषय पायाशी पडलेत. तमिळवाल्यांनी २०२५ ला श्रीलंकेतून आलेल्या कुटुंबावर 'टुरिस्ट फॅमिली' काढला, हलकाफुलका, घरचं सगळं माणूस बसून बघेल असा, त्यालाही काहींनी फारच गोड म्हणून नावं ठेवली, पण निदान काढला तरी.

आणि शरणपूरचं निघालंच आहे तर. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात ब्रिटिश नौदल गुलामांची जहाजं पकडायचं, त्यातून सुटलेली आफ्रिकन पोरं नाशिकला आणून शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवायचे, सुतारकी, लोहारकी, इंग्रजी शिकवायचे, नवीन नावं द्यायचे. 'नासिक बॉईज' म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. त्यातले नऊ जण १८६६ ला आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मोहिमेवर गेले. नंतर गेलेल्यांपैकी जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचं शव घेऊन येणाऱ्यांत होता, १८७४ ला थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला, आणि त्या सगळ्या प्रवासाची त्याने स्वतः डायरी लिहिली. बरेच नासिकवाले पुढे मोंबासाजवळ फ्रेअरटाउनला वसवले, म्हणजे परत केनियातच. लिव्हिंग्स्टनचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे, जेकबचं नाव नाशिकमध्ये किती जणांना माहितीये? पोस्टरवर तोच मोठा चेहरा, खाली तीच छोटी माणसं. सिनेमा काढायचा तर कोणीतरी जेकबच्या डायरीपासून काढा, आणि प्लीज लिव्हिंग्स्टनला अर्ध्या तासानंतर आणा.

तुमच्या आजी बोलत असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि फाईलवर त्यांचं नाव टाका, तुमचं नाही.

प्रश्न : दहावीतल्या मुलाला 'द गुड लाय' दाखवू का? फार मारामारी आहे का? (एक वाचक, पंचवटी)

दाखवा. अमेरिकेत त्याला पीजी-१३ आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी जपून ठरवायचं. सुरुवातीचा गावावरचा हल्ला आणि नदीतली प्रेतं तेवढी जड जातात, रक्त फार दाखवलेलं नाही पण भीती वाटते, म्हणून पहिली ३०-३५ मिनिटं सोबत बसा, नंतर तो आपला आपण बघेल. मध्येच "मामेरने पासपोर्ट दिला ते बेकायदेशीर नाही का" असं विचारेल, माझ्या भाच्याने विचारलंच. हो म्हणून सांगा, आहे बेकायदेशीर, आणि मग त्यालाच विचारा तू काय केलं असतंस. आमच्याकडे त्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडण झालं, भाचा म्हणतो मी भावाला पासपोर्ट दिला नसता, आणि त्याचा भाऊ शेजारीच बसलेला.